फ्लॉरेन्सच्या दारातली मोळीवाली

वाल्मिक फोटोवाल्यानं कॅलेंडरचा एक फाटका कागद माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "हे शहर मला कापडावर पायजे, फोटोमागं टांगायला. अठरा फूट बाय बारा. जत्रेच्या आधी."

मी कागद उलटसुलट बघितला. कुठल्या तरी परदेशी विमान कंपनीचं कॅलेंडर. पांढऱ्या-हिरव्या दगडांच्या पट्ट्यांची एक अवाढव्य इमारत, शेजारी चौकोनी मनोरा आणि मागून डोकं वर काढलेला लाल कौलांचा घुमट. भोवती जुनी पिवळट घरं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली तारखांचा गठ्ठा चिकटवलेला असणार. तो ओढून काढताना चित्राचा तळ बोटभर फाटून गेला होता. इमारत होती, पण तिला पाय नव्हते.

"कुठलं हे?"

"इटलीतलं फ्लॉरेन्स. पाच-सहाशे वर्षांचं बांधकाम हाय म्हणं. जत्रेत जो तो ताजमहाल टांगतो. लोकांना वीट आला त्या ताजमहालाचा. मला परदेश पायजे. जमंल का तुला, का बैलगाड्यांवर नंबर टाकतोस तेच बरं हाय?"

शेवटचं त्यानं मुद्दाम जोडलं. वाल्मिक नगरकडून येऊन कर्जतच्या बाजारात फोटोचं दुकान टाकून बसलेला. माणूस वाईट नव्हता, पण समोरच्याला दोन बोटं खाली ढकलल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही.

"जमंल," मी म्हणालो.

सहासष्ट साल होतं ते. मी वीस वर्षांचा, सातवी पास. चित्रकला मला कुणी शिकवली नाही. एका मास्तराला विचारलं होतं, तर त्यांनी माझ्या हातांकडे बघून म्हटलं, "हे हात नांगराला बरे." सगळा वर्ग हसला. मी त्या दिवसापासून मास्तर लोकांना विचारणं सोडलं. दुकानांच्या पाट्या केल्या, एका चहावाल्याच्या भिंतीवर वाघ काढला. वाघाला लोक कुत्रा म्हणाले. मग दुसरा काढला, त्याला वाघ म्हणाले. अशी माझी शाळा.

माझ्या बापाला, बुधाजीला, हे काहीच पटत नव्हतं. दुसऱ्याचं भात कसून त्याचं आयुष्य गेलेलं. त्यानं कर्जतच्या भाताच्या गिरणीत माझ्यासाठी हमालीची जागा बघून ठेवली होती. मुकादम पोशा त्याच्या ओळखीचा.

"जत्रेपर्यंत," बा म्हणाला. "तवर काय ती रंगरंगोटी करून घे. वाल्मिकनं पडदा घेतला तर तुझं तू बघ. नाय घेतला तर दुसऱ्या दिवशी पोतं उचलायचं. कबूल?"

"कबूल."

"परत तोंड वाकडं करायचं नाय."

"नाय करत."

कशेळ्याच्या शिंप्याकडून मांजरपाटाचे पट्टे शिवून घेतले. आमच्या घरामागच्या खळ्यावर भात झोडून कधीच झालं होतं. तिथं उघड्यावर कापड अंथरलं, कडेला दगड ठेवले. सरस उकळून त्यात खडू कालवला आणि त्याचे दोन हात दिले. एवढं मोठं कापड उभं करून रंगवायला जागा कुणाकडे? ते जमिनीवरच पडलेलं असतं. कुंचला बांबूला बांधायचा, झाडू मारल्यासारखं उभ्यानं रंगवायचं. चित्रावरूनच चालायचं. चित्र कसं झालंय ते मात्र टांगेपर्यंत दिसत नाही.

कॅलेंडरवर पेन्सिलीनं अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकटी आखल्या, कापडावर तशाच फूट-फूटभराच्या. चौकटीत जेवढी रेघ तेवढी तिकडं. त्यामुळे बाहेरचा आकार बरोबर उतरला. माती झाली ती पुढं.

घुमटाची कौलं कॅलेंडरवर दिसत नव्हती. तिथं नुसता लाल डाग होता. पण कौल काय असतं ते मला सांगायला पाहिजे होतं का? दरवर्षी पावसाआधी घरावर चढून मी कौलं परतलेली. कुठलं फुटकं, कुठलं माकडानं सरकवलं, सगळं पाठ. मी एकेक कौल काढलं. वीतभर लांब, कडेला सावली. तीन दिवस कौलंच काढत होतो.

आणि दार. दाराचा भाग तर फाटूनच गेलेला. मी विचार केला, गिऱ्हाईक पडद्यासमोर उभं राहणार, तर ते आता या दारातून आत जाईल असं वाटलं पाहिजे. म्हणून आमच्या घराच्या दाराला सुतळी लावली. साडेचार फूट भरलं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून आमच्याकडं दारं बुटकीच, वाकूनच आत जायचं. त्यापेक्षा थोडं मोठं म्हणून पाच फूट केलं. उंच दार मी पाहिलं नव्हतं असं नाही. ज्याची जमीन आम्ही कसायचो त्या शेटचं दार उंच होतं. पण आम्ही बसायचो पायरीखाली. तिथं सुतळी घेऊन कोण मोजू देतंय?

दोन सागाच्या वाशांना पडदा टांगला, तेव्हा अख्खी वाडी जमली.

"झ्याक हाय रं चांग्या!"

"अगदी आपल्या घरावानी!"

बा सुद्धा लांबून बघून म्हणाला, "कौलं बेस बसवलीत."

मी फुगलो. तिसऱ्या प्रहरी वाल्मिक सायकलवरून आला, सायकल न लावताच पडद्यासमोर उभा राहिला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या हातातून सायकल पडली.

"हे फ्लॉरेन्स? अरं, ही कळंबची भाताची वखार हाय! नि तिच्यावर कुणीतरी टोपी ठेवलीय! या दारातून आत गेलं की चूल असंल आणि चुलीपुढं म्हातारी!"

"बरोबर हाय सगळं. चौकटी मोजून घे."

"चौकटी घाल चुलीत. सहाशे वर्षांची इमारत हाय ती, राजा! गावं झाकील एवढी! ही तर मी हात लावून कौल काढू शकतो." त्यानं खरंच हात वर केला. त्याचा पंजा बरोबर एका कौलाएवढा दिसत होता. लोक हसले. सकाळी झ्याक म्हणणारेच.

"आठ दिवस हायत जत्रेला," तो म्हणाला. "नाय जमलं तर मी मुंबईहून भाड्यानं ताजमहाल आणतो. तुझा राग नाय मला. पर हे टांगून मी माझी अब्रू घालवू?"

तो गेला. मी पडद्याकडे बघत बसलो. सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तो बरोबर बोलत होता त्याचा. मी जगातलं सगळ्यात मोठं घर काढायला बसलो आणि हातातून आलं आमचंच घर. वाकून आत जायची सवय हाताला सुद्धा लागते हे मला ठाऊक नव्हतं.

आये, मोतीबाई तिचं नाव, भाकरी घेऊन आली. म्हणाली, "एवढं तोंड पाडायला काय झालं? मोठं घर बघितलं नाय तर बघून ये."

"इटलीला जाऊ?"

"कोंडाण्याला जा. पुण्याकडचा किल्ला नव्हं. माझ्या माहेराच्या वर लेणं हाय. दगडातली घरं कोरलीत, सज्जे नि कमानी नि काय काय. तुझा मामा हाय खाली, तिथं ऱ्हा."

"आये, ते फ्लॉरेन्स नव्हं."

"मोठं तर हाय? का परदेशातलं मोठं निराळं नि आपलं निराळं?"

मी निघालो. एस.टी.नं कर्जतला उतरलो, उल्हास नदीच्या कडेकडेनं पायी मामाच्या गावाला गेलो आणि दुसऱ्या सकाळी बदामी कागदाची गुंडाळी घेऊन रान चढून लेण्यापाशी पोचलो.

समोर कातळातून काढलेली ती कमान. वर कोरलेले सज्जे, छोट्या छोट्या कमानींच्या ओळी. पुढचे खांब मधूनच तुटून गेलेले, वरची टोकं छताला लोंबत होती. मी झाडाखाली बसलो आणि काढायला लागलो. एक काढलं, फाडलं. दुसरं काढलं, फाडलं. परत तेच. कमानी कागदावर आल्या की कपाटाच्या कप्प्यांसारख्या दिसायच्या. मी एकेक भेग, एकेक जाळी घोटत होतो आणि लेणं लहान लहान होत चाललं होतं. दुपारपर्यंत पाच कागद वाया गेले. वाटलं, चला, पोतं उचलू. पोत्याला मोठं-लहान काढायची कटकट नसते.

तेवढ्यात वरच्या पायवाटेनं एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरली. तिनं मला बघितलं न बघितलं केलं, सरळ लेण्याच्या तोंडाशी गेली, लोंबत्या खांबाखाली मोळी टाकली आणि सावलीत उभी राहून पदरानं घाम पुसायला लागली.

आणि लेणं वाढलं.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. एवढा वेळ जे कपाट होतं ते एकदम आभाळाला भिडलं. बाई खालच्या कोपऱ्यात, तिच्या डोक्यावर तुटका खांब, त्याच्यावर कमान, कमानीवर सज्जे, त्यावर डोंगर.

"आजे, हलू नको!" मी ओरडलो.

ती जागच्या जागी थिजली. "का रं? साप हाय?"

"साप नाय. तुला काढतोय."

"मेल्या, जीव गेला ना माझा!" ती दगडावर बसायला लागली.

"बसू नको, उभीच ऱ्हा. थोडा वेळ."

"मला काढून काय करतोस? माझ्यात काय ऱ्हायलंय? लेणं काढ की."

"तेच काढतोय. तुझ्याबिगर ते निघत नाय."

भागूबाई नाव तिचं. उभी राहिली बिचारी, पण तोंड बंद नाही. कुठला, कुणाचा, मामा कोण, सगळं विचारून घेतलं. मग लेण्याकडं हात करून म्हणाली, "हे पांडवांनी एका रातीत केलंय."

"एका रातीत आमच्या घराची पडवी होत नाय, आजे."

"ते पांडव होते."

मी वाद घातला नाही, पण आजही मला या गोष्टीचा संताप येतो. कुणीतरी हाताला फोड येईस्तोवर छिन्नी मारली, तिथंच दमून म्हातारा झाला असेल, आणि आपण नाव देऊन मोकळे होतो देवाचं नाहीतर पांडवांचं. कष्टकऱ्याच्या हातानं एवढं मोठं होऊ शकतं हे कबूल करायला आपल्याला जड जातं. कारण मग आपल्या हातांकडे बघावं लागतं.

चित्रात मी यावेळी भेगा काढल्या नाहीत. डोळे बारीक करून बघितलं तर वर नक्षी राहतच नव्हती. नुसतं ऊन आणि नुसती सावली. तेवढंच घेतलं. खाली बोटाच्या पेराएवढी भागूबाई, शेजारी मोळी.

ती बघायला आली. "ही मी? ही मुंगी?"

"मुंगी नाय, तूच."

तिनं कागद बघितला, मग मागं वळून लेणं बघितलं, परत कागद. "चाळीस वरसं इथं लाकडाला येते मी," ती म्हणाली. "एवढं मोठं हाय हे? मला कुणी बोललं नाय." मग मोळी उचलायला मला हात लावायला लावला आणि गेली.

मी घरी आलो, पडदा खळ्यावर अंथरला, गोणपाट भिजवलं आणि कौलं पुसायला घेतली. सरसाचा रंग पाण्यानं सुटतो. तीन दिवसांचं काम घटकाभरात लाल पाणी होऊन मातीत गेलं.

बा धावत आला. "येड लागलं काय? लोकांना आवडलं होतं ते पुसतोस?"

"लोकांना त्यांचं घर आवडलं होतं. मला त्यांचं घर काढायचं नव्हतं."

"चांग्या, पाच दिवस ऱ्हायलेत. होतं ते तरी होतं. आता काय टांगशील, चिखल?"

"मी गिरणीत जायला कबूल झालोय ना? मग हे पाच दिवस माझे हायत. मधी पडू नको, बा."

बापाशी असा मी कधी बोललो नव्हतो. त्याचा हात उठेल असं वाटलं. तो वळला आणि बैलांकडे निघून गेला.

घुमट मी गेरूच्या एका हातात काढला. मोठा कुंचला, उजेडाच्या बाजूला गेरूत पिवडीची पिवळी माती, सावलीच्या बाजूला काजळी आणि थोडी नीळ. कौल एकसुद्धा नाही. पांढऱ्या-हिरव्या पट्ट्या खाली ठळक, वर जाता जाता पुसट. दारं तीन केली, दीड-दीड फुटांची. आणि मधल्या दाराच्या पायरीवर, चार बोटं उंचीची, एक बाई. आता फ्लॉरेन्सची बाई कशी असते ते मला काय ठाऊक? मला ठाऊक असलेली बाई काढली. नऊवारी नेसलेली, घाम पुसणारी, शेजारी मोळी.

जत्रेच्या दिवशी सकाळी वाल्मिकनं बांबूचा मांडव उभारला होता, कॅमेरा तिपाईवर बसवला होता. मी आणि त्याच्या दोन माणसांनी पडदा वर ओढला. वाल्मिक मागं सरकला, आणखी मागं सरकला, भजीवाल्याच्या कढईला धडकता धडकता वाचला. मग जवळ आला आणि वाकला.

"हे काय?"

"बाई."

"मोळीवाली? फ्लॉरेन्समधी? अरं, तिकडं मडमा असतात! त्या मोळ्या वाहतात?"

"मग त्यांच्या चुली कशावर पेटत असतील? सहाशे वर्षांपूर्वी काय रॉकेलचे स्टो होते?"

"पूस तिला. बाकी झकास हाय. पाणी लाव नि पूस, आत्ता."

माझं सगळं त्या चार बोटांवर येऊन थांबलं होतं. पुसली असती तर पडदा घेतला असता, गिरणी टळली असती. पण मला ठाऊक होतं काय होणार ते.

"मी पुसतो," मी म्हणालो. "आधी एक कर. इथं उभा ऱ्हा. एक डोळा मीट. अंगठा पुढं धर नि बाई झाक."

"पोरखेळ नको."

"झाक तर खरं."

त्यानं अंगठ्यानं बाई झाकली. बघत राहिला. मग अंगठा काढला. परत झाकला, परत काढला. चार-पाच वेळा केलं. फोटोवाला होता तो. डोळा होता त्याला, ते मला मान्य करावंच लागेल.

"बसतंय रं खाली," तो हळूच म्हणाला. "ती गेली की समदं खाली बसतंय. खेळण्यातलं घर होतंय."

"पुसू?"

"गप ऱ्हा. गिऱ्हाईक डावीकडं उभं करीन, ती झाकली नाय पायजे." आणि मग त्याच्या सवयीप्रमाणे, "पण रंग गळला तर तुला सोडणार नाय."

दुपारी गर्दी झाली. लोक यायचे, पडद्यासमोर थबकायचे, हळू आवाजात बोलायला लागायचे. कुणी कौलांचं नाव काढलं नाही. बायका मात्र लगेच मोळीवाली शोधून काढायच्या आणि एकमेकींना दाखवायच्या, "ही बघ गं, ही आपल्यातली."

तेवढ्यात मुकादम पोशा आला, सोबत बा. पोशा नवं धोतर नेसून ऐटीत होता. मला बघून म्हणाला, "काय रं, झाली हौस? उद्या सकाळी सातला ये. बुधाजी, सांग त्याला, उशीर चालत नाय आमच्याकडं."

बा पडद्याकडे बघत होता. पायरीवरच्या बाईपासून त्याची नजर वर गेली, दारावरून, पट्ट्यांवरून, घुमटापर्यंत. मान मागं मागं गेली आणि टोपी पडू नये म्हणून त्याचा हात आपोआप टाळूवर गेला. बारा फुटांचं कापड होतं ते. आमच्या घराचं आढं त्याहून उंच असेल. आणि माझा बाप टोपी धरून बघत होता.

"बुधाजी, ऐकतोस काय? सातला."

"कमळ्याला ने," बा म्हणाला. कमळ्या माझा चुलतभाऊ.

"आँ? जागा तर ह्याच्यासाठी धरलीय मी."

"ह्याला येळ नाय." बानं मान खाली केलीच नाही. "चांग्या, आत काय असंल रं त्या दाराच्या?"

"मला ठाऊक नाय, बा. मी बघितलंय कुठं?"

"मग बघायला पायजे कवातरी," तो म्हणाला. जसं काही फ्लॉरेन्स खोपोलीच्या पलीकडं आहे.

वाल्मिकनं त्या दिवशी कधी नाही ते मन मोठं केलं. "काका, उभे ऱ्हा. तुमचा एक काढतो. पोराच्या पडद्यासमोर."

बा डावीकडं जाऊन उभा राहिला. वाल्मिक काळ्या कापडात शिरला. "इकडं बघा, काका. इकडं. कॅमेऱ्याकडं!" बानं बघितलं, आणि परत मान वळवली. "काका, मागं नाय, पुढं! बुधाजीकाका!" बाचं लक्षच नव्हतं. तो वळून घुमटाकडं बघत होता, टोपीवर हात ठेवून. शेवटी कंटाळून वाल्मिकनं तसाच फोटो घेतला.

पुढच्या महिन्यात कळंबच्या एका नाटक मंडळीनं राजवाड्याचा पडदा सांगितला, त्यानंतर मी पोतं कधी उचललं नाही. त्याच सुमारास वाल्मिकनं तो फोटो पाठवला. आयेनं चुलीपाशी बसून तो निरखून बघितला, पालथा करून बघितला.

"जत्रेत एवढी माणसं तोंडाचा फोटो काढून घेतात," ती बाला म्हणाली, "नि तुमी पाठ काढून आणलीत."